नवा स्टॅग बीटल सापडलाय असं वाटतंय? मग हे वाचा

पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर भुंगेऱ्यांचे फोटो यायला लागतात. हातावर ठेवलेला काळाभोर भुंगेरा, पुढे सांबराच्या शिंगांसारखे दोन जबडे आणि खाली एकच प्रश्न: "दादा, ही नवी जात असेल का?" उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. पण ते 'नाही' कशाच्या आधारावर म्हणायचं, आणि क्वचित कधी 'असू शकेल' असं वाटलंच तर पुढे काय करायचं, हे दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून. काही वर्षांपूर्वी कोडगूत एका मित्राच्या कॉफीच्या मळ्यात मुक्काम होता. रात्री ओसरीवरच्या दिव्याखाली धप्पकन काहीतरी पडलं. पिवळट-नारिंगी पंखांचा नर, ओडॉन्टोलॅबिस वंशातला, एवढं लगेच कळलं. पण जबडे आखूड, आणि आतल्या कडेला करवतीसारखे बारीक दात. माझ्याकडच्या चित्रातले जबडे लांब, बाकदार, मोजक्या दातांचे. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळपर्यंत मनातल्या मनात नावसुद्धा ठरवून झालं होतं. दोनेक महिन्यांनी एका संग्रहालयात ओडॉन्टोलॅबिस बर्माइस्टेरीचा ड्रॉवर उघडून मिळाला. त्यात एकाच जातीचे नर ओळीने टोचलेले, सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात लहानापर्यंत. माझा भुंगेरा त्या ओळीत शेवटून दुसरा शोभला असता.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. वर्तमानपत्रं 'प्रजाती' लिहितात, जुने मराठी ग्रंथ त्यालाच 'जाती' म्हणतात. मी इथे 'जात' म्हणतोय, आणि तिच्या वरच्या गटाला 'वंश'.

आधी घराणं तपासा

स्टॅग बीटल म्हणजे ल्युकॅनिडी कुळ. जगभरात याच्या बाराशेच्या वर जाती आहेत, आणि सगळ्यांना मोठे जबडे असतात असं मुळीच नाही. फिग्युलस, निजिडियस, एगस या वंशांतले भुंगेरे लहान, काळे आणि दिसायला अगदी साधे असतात. नवं काही सापडण्याची शक्यता मात्र त्यांच्यातच जास्त, असं माझं मत. लोकांच्या नजरा मोठ्या शिंगांवर खिळलेल्या असतात.

घोटाळा दोन ठिकाणी होतो. गेंडा भुंग्याचं शिंग डोक्यातून किंवा छातीतून वर आलेलं असतं, ते हलत नाही. स्टॅग बीटलची 'शिंगं' हे खरे जबडे, कात्रीसारखे उघडतात-मिटतात. दुसरा घोटाळा कुजक्या ओंडक्यात घोळक्याने राहणाऱ्या पॅसालिड भुंगेऱ्यांशी. तेही काळे आणि चकचकीत, पण त्यांच्या पंखांवर खोल सरळ चर असतात आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, नुसत्या बाकदार असतात. स्टॅग बीटलची शृंगिका बहुतेक वेळा कोपरातून दुमडल्यासारखी असते आणि टोकाची पानं एकमेकांवर घट्ट मिटत नाहीत. हुमणीच्या भुंगेऱ्याची मिटतात. दहा पटीच्या भिंगातून हे सहज दिसतं.

परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळता येत नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात एक भुंगेरासुद्धा विनापरवाना उचलायचा नाही. महाराष्ट्रात यासाठी वन विभागाच्या वन्यजीव शाखेकडे अर्ज करावा लागतो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. राखीव जंगलालाही परवानगी लागतेच. खासगी मळ्यात मालकाला विचारा, आणि त्याने होकार दिला तरी संरक्षित जातींना हात लावू नका. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा केल्यावरून दोन चेक नागरिकांना अटक झाली होती. 'आम्ही अभ्यासक आहोत' हे उत्तर तिथे पुरलं नाही.

जैवविविधता कायदा २००२ मधलं कलम ३९ आधीच वाचून ठेवा. नवी जात सापडली तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं त्यानुसार बंधनकारक आहे. नमुना परदेशी तज्ज्ञाला टपालाने पाठवायचा विचार असेल तर त्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहा.

पकडणं आणि ठेवणं

रात्री पांढरी चादर ताणायची आणि तिच्यापुढे मर्क्युरी किंवा अतिनील दिवा लावायचा. अमावास्येच्या आसपास, दमट, वारा पडलेली रात्र सगळ्यात चांगली. दिवसा कुजके ओंडके बघा, झाडाच्या सालीतून पाझरणारा चीक बघा. ओंडका फोडलात तर उरलेला होता तसा परत लावून ठेवा.

ओंडक्यात वाकडी पांढरी अळी मिळाली तर त्याच ओंडक्याच्या भुशासह डब्यात ठेवून वाढवता येते. वेळ लागतो, कधी दोन पावसाळे जातात. पण एकाच ठिकाणचे नर आणि माद्या दोन्ही हाती लागतात. मादी कुठल्या नराची, हे सिद्ध करायला यापेक्षा सोपा मार्ग नाही.

नमुना मारण्यासाठी इथाइल ॲसिटेटची बरणी वापरतात. डीएनए हवा असेल तर डाव्या बाजूचा एक मधला पाय वेगळा काढून ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये थंड जागी ठेवायचा. पाय डावाच का? उजवी बाजू वर्णनासाठी शाबूत राहावी म्हणून.

पिन उजव्या वरच्या पंखातून घालतात, मधोमध नाही. मधोमध घातली की नेमकी तिथली खूण नष्ट होते. जबडे किंचित उघडे ठेवून वाळवा, नाहीतर आतले दात दिसत नाहीत आणि वाळलेला जबडा उघडायला गेलात तर तुटतो. तसं झालंच तर बंद डब्यात ओल्या वाळूवर एक-दोन दिवस ठेवून मऊ करता येतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात नमुन्यांना बुरशी लागते, तेव्हा पेटीत सिलिका जेल हवंच.

चिठ्ठी त्याच दिवशी लावायची. राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव, आणि 'दिव्यावर' की 'कुजक्या फणसाच्या ओंडक्यात'. हे सगळं बारीक अक्षरात, न पुसणाऱ्या शाईने. 'आंबोली, जून' एवढंच लिहिलेला भुंगेरा शोभेची वस्तू आहे. ओळख पटली की तिची चिठ्ठी वेगळी, पहिलीच्या खाली.

सगळ्यात महत्त्वाचं: एक भुंगेरा म्हणजे काहीच नाही

या कुळात नवशिक्याला फसवतो तो नराचा जबडा. अळीला किती आणि कसं खायला मिळालं यावर प्रौढ नराचा आकार ठरतो. शरीर वाढतं त्या मानाने जबडा कितीतरी जास्त वाढतो. म्हणून मोठा नर नुसता 'मोठा' दिसत नाही, वेगळाच प्राणी वाटतो. फ्रान्झ लॉइथनरने १८८५ मध्ये ओडॉन्टोलॅबिस आणि त्याच्या भाईबंदांवर मोठा प्रबंध लिहिला आणि नरांच्या जबड्यांचे सगळ्यात मोठ्यापासून सगळ्यात आखूडापर्यंत टेलिओडॉन्ट, मेसोडॉन्ट, अँफिओडॉन्ट, प्रिओडॉन्ट असे प्रकार मांडले. अजूनही तेच शब्द चालतात. माझा कोडगूचा भुंगेरा प्रिओडॉन्ट होता. सव्वाशे वर्षांहून जुना प्रबंध मी आधी वाचला असता तर झोप तरी लागली असती.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. युरोपातल्या ल्युकॅनस सर्व्हसचं नाव लिनियसने १७५८ मध्ये दिलं. सर्व्हस म्हणजे मोठं शिंगाळं हरीण. पुढे त्याच जातीच्या लहान नरांना 'कॅप्रिओलस' म्हणजे छोटं हरीण असं निराळं नाव चिकटलं. एकोणिसाव्या शतकात तर लहान नर, मोठा नर आणि मादी अशा एकाच जातीला तीन तीन नावं मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. ही जास्तीची नावं आज समानार्थी नावांच्या यादीत पडून असतात, आणि ती निस्तरायला नंतरच्या माणसांची वर्षं जातात.

म्हणून नमुन्यांची मालिका लागते. जमतील तेवढे नर, लहान-मोठे, शक्य तितक्या जागांहून. व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि प्रत्येकाची मापं लिहा: जबड्याची लांबी, डोक्याची रुंदी, छातीवरच्या कवचाची म्हणजे प्रोनोटमची रुंदी, वरच्या कठीण पंखांची लांबी, आणि एकूण लांबी जबड्यांसह व जबड्यांशिवाय. मग आलेख काढा. आडव्या अक्षावर पंखांची लांबी, उभ्यावर जबड्याची. आडव्या अक्षावर एकूण लांबी घेऊ नका, तिच्यात जबडा आधीच मोजलेला असतो आणि आलेख फसवा होतो.

आता ओळखीच्या जातीचे बिंदूही त्याच आलेखावर मांडा. तुमचा भुंगेरा त्यांच्याच रांगेत बसला तर तो लहान भाऊ आहे, विषय संपला. सारख्याच मापाच्या नरांमध्ये जबडा सातत्याने वेगळा निघाला, तर पुढे जायला जागा आहे. तुलना नेहमी समान मापाच्या नरांची करा. तुमचा छोटा नर आणि पुस्तकातला राक्षस समोरासमोर ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

जुने कागद, जुनी कपाटं

भारतातल्या स्टॅग बीटलसाठी पहिला थांबा म्हणजे गिल्बर्ट ॲरो यांचा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला खंड. तो १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. किल्ल्या म्हणजे ओळख पटवण्याच्या पायऱ्या त्यात आहेत, पण तो आता बराच जुना झालाय. त्यानंतर जपानी अभ्यासकांनी भारत, नेपाळ, ब्रह्मदेशाकडच्या कितीतरी जाती आणि उपजाती लिहिल्या आहेत, काही जपानीतच. त्या वगळून 'नवीन' म्हणायची घाई करू नका. वर्णन वाचता येत नसेल तर चित्रं वाचा, मग मदत मागा.

नुसतं वाचूनही भागत नाही. प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, त्याला होलोटाइप म्हणतात. जुन्या नावांच्या बाबतीत अनेकदा नमुन्यांचा गट असतो. फ्रेडरिक होपने भारतातल्या बऱ्याच स्टॅग बीटलना नावं दिली आणि त्याचा संग्रह ऑक्सफर्डला आहे. तिकडे जाणं परवडत नसेल तर ईमेल करा. वरून, खालून, बाजूने आणि चिठ्ठ्यांसकट असे चार फोटो नेमके मागा. नम्रपणे लिहिलं तर संग्रहालयातली माणसं सहसा मदत करतात, माझा अनुभव तरी तसाच आहे. आपल्याकडे कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण, पुण्यात आकुर्डीला असलेलं त्याचं पश्चिम विभागीय केंद्र, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचा कीटकसंग्रह आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी), एवढी दारं तरी ठोठावा. आणि एकट्याने करू नका. या कुळावर आधी काम केलेला कुणीतरी सहलेखक म्हणून मिळवा.

पोटातला पुरावा

जबडा बदलतो, रंग फिकटतो, पण नराच्या जननांगाची घडण त्या मानाने स्थिर असते. म्हणून आज ती दाखवल्याशिवाय जवळच्या जातींमधला फरक कुणी मानत नाही. मऊ केलेल्या नमुन्याच्या पोटाच्या टोकातून बारीक चिमट्याने ते अलगद ओढून काढायचं. दहा टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचं. किती वेळ ते आकारावर अवलंबून, काही तास धरा आणि अधूनमधून बघत राहा. मांस विरघळून नुसता कठीण सांगाडा उरला की पाण्यात धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. बुडाचा भाग, दोन बाजूंचे पॅरामिअर आणि मधला भाग वरून, बाजूने, खालून काढा. शेपटीसारखा लांब धागा, फ्लॅजेलम, असेल तर त्याचीही लांबी मोजा. काम झाल्यावर ग्लिसरीन भरलेल्या इवल्या कुपीत घालून त्याच पिनेला अडकवा. वेगळं ठेवलं की हरवतं, हेही अनुभवाने सांगतोय. पहिल्यांदाच करणार असाल तर हात नेहमीच्या, भरपूर मिळणाऱ्या जातीवर बसवा.

डीएनएमध्ये बारकोड म्हणून सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. उपयोगी आहे, विशेषतः मादी आणि अळी नराशी जोडायला. पण 'एवढे टक्के फरक म्हणजे नवी जात' असा नियम नाही. जनुक, जननांग आणि बाह्यरूप तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच मला धीर येतो.

लिहायला बसलात की

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वर्णन म्हणजे डोक्यापासून शेपटापर्यंत जे दिसतं ते सगळं, क्रमाने. भेददर्शन म्हणजे ही जात इतरांपासून कशाने वेगळी, तेवढंच. नवशिक्याचं वर्णन दोन पानं असतं आणि भेददर्शन दोन ओळी. त्या दोन ओळींवर जास्त वेळ घालवा.

वाईट भेददर्शन असं असतं: 'भुंगेरा काळा, चमकदार, जबडे मोठे व आकर्षक.' हे निम्म्या कुळाला लागू पडतं. कामाचं असं: 'सर्वांत जवळच्या अमुक जातीपासून पुढील लक्षणांनी वेगळी: मध्यम आकाराच्या नरात जबड्याचा मुख्य दात बुडालगत (अमुकमध्ये मध्यावर), प्रोनोटमचे मागचे कोपरे टोकदार (अमुकमध्ये गोलसर), फ्लॅजेलम पॅरामिअरच्या तिप्पट लांब (अमुकमध्ये जेमतेम तेवढाच).' प्रत्येक वाक्यात दोन बाजू, प्रत्येक बाजू मोजता किंवा पाहता येणारी. सोबत वंशातल्या त्या भागातल्या जातींची किल्ली दिलीत तर पुढचा माणूस दुवा देईल.

होलोटाइप एकच निवडा, बाकीचे पॅराटाइप. या कुळात मी चांगला वाढलेला, न मोडलेला नर होलोटाइप घेतो, पण लहान नराचं आणि मादीचं वर्णन स्वतंत्र परिच्छेदात द्यायला सांगतो. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तुमच्याच जातीचा छोटा नर कुणीतरी 'नवीन' म्हणून जाहीर करेल. होलोटाइपला लाल चिठ्ठी लावायची रीत आहे.

गंमत म्हणजे प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वर्णन अमुकच भाषेत हवं अशी सक्ती नाही. नाव तेवढं लॅटिन लिपीत हवं. म्हणजे मराठीत वर्णन लिहिलंत तरी ते नियमाला धरून होईल. पण जगभर वाचल्या जाणाऱ्या भाषेत लिहा अशी शिफारस नियमांतच आहे, आणि ती शहाणपणाची आहे. वर जपानीची तक्रार मीच केली.

नाव

सगळ्यांना यातच रस असतो, आणि खरं तर हे अर्ध्या तासाचं काम. स्वतःचं नाव देऊ नका. बंदी नाही, पण लोक हसतात. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर नावाच्या शेवटी रोमन लिपीतलं आय हे अक्षर, स्त्रीच्या असेल तर ए आणि ई. गावावरून असेल तर 'एन्सिस' जोडतात. विशेषण असेल तर वंशाचं लिंग बघा. ल्युकॅनस पुल्लिंगी म्हणून 'काळा' हा अर्थ तिथे 'नायजर' होतो, ओडॉन्टोलॅबिस स्त्रीलिंगी म्हणून तिथे 'नायग्रा'. तेच नाव त्याच वंशात आधी कुणी दिलं नाही ना, हे शोधा.

नावं ठेवणाऱ्यांनाही विनोदबुद्धी असते. प्लिनीने लिहून ठेवलंय की निजिडियस नावाचा रोमन पंडित या भुंगेऱ्यांना 'लुकॅनस' म्हणायचा. त्या पंडिताचं पूर्ण नाव पब्लियस निजिडियस फिग्युलस. १८१९ मध्ये मॅक्लेने स्टॅग बीटलच्या एका वंशाला निजिडियस नाव दिलं आणि दुसऱ्याला फिग्युलस. एका माणसाचे दोन भुंगेरे.

छापणं आणि जमा करणं

सध्याचे नियम चौथ्या आवृत्तीतले, १ जानेवारी २००० पासून लागू. त्यानुसार ही नवी जात आहे असं स्पष्ट लिहावं लागतं, होलोटाइप ठरवून द्यावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात आहे हेही सांगावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तर नाव वैध धरलं जात नाही. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातलं नावही चालतं, पण प्रसिद्ध होण्याआधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करून तसा उल्लेख लेखात असावा लागतो. कच्चा लेख पाठवण्याआधीच होलोटाइप संस्थेत जमा करून नोंदणी क्रमांक घ्या. 'नंतर देऊ' म्हणून घरच्या पेटीत राहिलेले होलोटाइप वाळवीने खाल्लेत.

झूटॅक्सा हे २००१ पासून निघणारं नियतकालिक सगळ्यांसाठी खुला लेख नको असेल तर छपाईचे पैसे घेत नाही. 'आठ दिवसांत छापतो, एवढे भरा' म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि लेख निघेपर्यंत वर्तमानपत्राला, समाजमाध्यमाला नाव सांगू नका. वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव वैध नसतं, नुसता गोंधळ होतो.

नेमकी जागा किती सांगायची, यावर मतभेद आहेत. जपानमध्ये स्टॅग बीटल पाळतात, विकतात, आणि १९९९ मध्ये आयातीचे नियम सैल झाल्यावर परदेशी भुंगेऱ्यांचा ओघ तिथे प्रचंड वाढला. दक्षिण आफ्रिकेला डोंगरमाथ्यावरच्या, उडता न येणाऱ्या कोलोफॉन भुंगेऱ्यांसाठी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, तिसऱ्या परिशिष्टाचा आधार घ्यावा लागला. मी नमुन्याच्या चिठ्ठीवर अचूक अक्षांश-रेखांश लिहितो. एकाच डोंगरावर सापडणारी जात असेल तर छापील लेखात तालुक्यापर्यंतच थांबतो.

जुनी चिठ्ठी कधीही काढायची नाही, चुकीची असली तरी. नवी ओळख नव्या चिठ्ठीवर लिहून खाली लावायची. माझ्या कोडगूच्या नराच्या पिनेवर आज तीन चिठ्ठ्या आहेत. पहिली मळ्याची, तारखेसह. दुसरीवर माझ्याच अक्षरात 'ओडॉन्टोलॅबिस, नवी जात?' आणि तिसरीवर 'ओडॉन्टोलॅबिस बर्माइस्टेरी, लहान नर'.